हुंडाभाडें आणि पत

सोलापूरच्या भवानी पेठेंतून दुपारच्या वेळीं चालत गेलें असतां यंत्रमागांचा खडखडाट गल्लोगल्लीं कानीं पडतो. पुढच्या खोलींत माग आणि मागच्या खोलींत संसार, अशी रचना येथील अनेक घरांत अजून पाहावयास मिळते. अशाच एका घरीं गेल्या वर्षीं आमचें कांहीं वेळ बसणें झालें. घरचे आजोबा हातमागावर वाढलेले, मुलगा यंत्रमाग चालविणारा, आणि नातू मोबाइलच्या पडद्यावर टॉवेल विकणारा. नातवाची मुद्रा त्या दिवशीं उतरलेली होती. दूरच्या कोणा गिऱ्हाइकानें पांच ताऱ्यांपैकीं त्याला एकच तारा दिला होता, आणि खालीं कारण लिहिलें होतें कीं, टॉवेल चांगले आहेत, पण पोहोंचविण्याचें भाडें अवाच्या सवा आहे. नातू म्हणाला, "भाडें ठरविलें बाजार चालविणाऱ्यानें, घेतलें कुरिअरवाल्यानें, आणि तारे गेले माझे!" आजोबा शांतपणें म्हणाले, "अरे, भाडें कोणाचेंही असो, माल तुझ्याच नांवानें गेला ना?"

या दोन वाक्यांनीं आम्हांस विचारांत पाडलें. वरवर पाहतां येथें दोन निरनिराळे प्रश्न दिसतात; एक भाड्याचा व दुसरा नांवाचा. परंतु दोहोंचें मूळ एकच आहे, आणि तें म्हणजे विकणारा व घेणारा यांच्यामधील अंतर. माल जें अंतर ओलांडतो त्याची किंमत म्हणजे भाडें. आणि विश्वास तेंच अंतर ज्याच्या आधारानें ओलांडतो, ती पत. दूरच्या गिऱ्हाइकाशीं व्यापार करूं पाहणाऱ्या प्रत्येक पिढीला हे दोन प्रश्न सोडवावे लागले आहेत. ते कसकसे सोडविले गेले आणि आज त्यांची कोणती गांठ बसली आहे, हें वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचा आमचा मानस आहे.

रेल्वे येण्यापूर्वीं देशावरील माल बैलांच्या पाठीवर किंवा गाड्यांतून जात असे. वाटेंत जागोजाग जकातीचीं नाकीं, नद्यांचे उतार आणि चोरांचें भय. कोणत्या नाक्यावर किती द्यावें लागेल, हें व्यापाऱ्याला घरीं बसून कळणें शक्य नव्हतें. या अडचणींतून हुंडेकरी हा वर्ग उदयास आला. हुंडेकऱ्यानें मालधन्याशीं एका ठोक रकमेचा करार करावा. त्या रकमेंत वाहतूक, जकात व वाटखर्च हें सर्व यावें. आणि माल ठरल्या ठिकाणीं पोंचता करून द्यावा. या ठोक रकमेस हुंडाभाडें म्हणत. मोल्सवर्थच्या कोशांत या शब्दांची नोंद आहे. आज हुंडा म्हटला म्हणजे लग्नाच्या बाजारांतला तेवढा आपणांस आठवतो. पण मालाच्या बाजारांतील हुंड्यामागें मोठें शहाणपण होतें. एक तर खर्चाचा आंकडा आधीं कळे. आणि दुसरें म्हणजे त्या आंकड्याबद्दल कोणाला जाब विचारावयाचा, तो माणूसही आधींच ठरलेला असे. भाडें कोणाचें व नांव कोणाचें, असा वाद त्यांत उद्भवण्यास जागा थोडी होती.

पैशाच्या बाबतींत हेंच काम हुंडीनें केलें. हुंडीच्या अनेक प्रकारांपैकीं दोन आमच्या विषयाशीं निकट संबंध ठेवतात. शहाजोग हुंडीचे पैसे वाटेल त्याच्या हातीं द्यावयाचे नसत; बाजारांत प्रतिष्ठित म्हणून मान्य असलेल्या शहालाच ते देतां येत. म्हणजे पत हीच त्या कागदाची किल्ली होती. जोखमी हुंडीचा प्रकार याहून चमत्कारिक. पाठविलेला माल सुखरूप पोंचला तरच तिचे पैसे द्यावयाचे. माल वाटेंत बुडाला तर हुंडीही बुडाली. मालाची किंमत, वाटेंतली जोखीम आणि परस्परांचा विश्वास या तिन्ही गोष्टी आमच्या पूर्वजांनीं एका कागदाच्या चिठोऱ्यांत बांधल्या होत्या.

पुढें इंग्रजी अमलांत दोन मोठे बदल घडले. १८५४ साली टपालाचा नवा कायदा होऊन हलक्या पत्राला अर्धा आणा, मग तें पुण्यास जावो कीं कलकत्त्यास, असा एकच दर ठरला. अंतराची किंमत पुसून टाकण्याचा हा पहिला मोठा प्रयोग होय. १८६० साली लोहमार्ग सोलापुरास येऊन पोंचला, आणि १८७७ च्या सुमारास येथें पहिली कापडगिरणी चालूं झाली. त्याच १८७७ साली टपालखात्यानें व्हॅल्यू पेएबल, म्हणजे आपण ज्यास व्ही. पी. म्हणतों, ती पद्धत सुरूं केली. पोस्टमननें पुडकें दारीं न्यावें, किंमत व टपालखर्च गिऱ्हाइकाकडून वसूल करावा, आणि पैसे विकणाऱ्याकडे पाठवावे. विकणारा अनोळखी, घेणारा अनोळखी. मध्यें सरकारी खाकी डगल्याचा एक माणूस, ज्याच्यावर दोघांचाही भरवसा.

व्ही. पी.चा महिमा मराठी मासिकांच्या वाचकांस सांगावयास नको. त्यांची वर्गणी बहुधा याच मार्गानें गोळा होई, आणि आलेली व्ही. पी. कृपा करून परत करूं नये, अशी विनंती जुन्या अंकांतून वारंवार आढळते. ती विनंती केवळ शिष्टाचाराची नव्हती. परत आलेल्या पुडक्याचा जातां-येतांचा भुर्दंड चालकांच्या माथीं बसे. गिऱ्हाइकानें विकणाऱ्याला फसविण्याचा एक नवा मार्ग येथें प्रथमच मोठ्या प्रमाणावर उघडा झाला. पत ही केवळ विकणाऱ्यालाच हवी असें नसून घेणाऱ्यालाही ती असावी लागते, हा धडा व्ही. पी.नें शिकविला, आणि आजचा ऑनलाइन व्यापारी माल परत आला म्हणजे तोच धडा पुन्हां गिरवतो.

आतां लिलांवाकडे वळूं. हा शब्द मूळचा पोर्तुगीज. पण तो मराठींत इतका मुरला आहे कीं त्याचें परकेपण कोणाला जाणवत नाहीं. आमच्या बाजारांत मात्र उघड्या लिलांवापेक्षां रुमालाखालचा सौदा जुना. दलाल व खरेदीदार यांनीं रुमालाखालीं हातांत हात घालून बोटांच्या खुणांनीं भाव ठरवावा, आणि ज्याचा माल त्यानें दोघांच्या तोंडाकडे पाहत बसावें, ही ती हत्ता पद्धत. भाव ठरल्यावरही शेतकऱ्याची सुटका नसे. हमाली, तोलाई, आडत, धर्मादाय, वाणगी अशीं एकामागून एक वजावटीचीं कलमें पुढें येत. १९२६ साली नेमलेल्या शेतकी कमिशननें १९२८ च्या अहवालांत या वजावटींवर बोट ठेवलें, आणि १९३९ साली मुंबई इलाख्यांत शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला. कायद्याचें मर्म एवढेंच कीं भाव उघड्यावर बोलला जावा आणि खर्चाचीं कलमें आधीं ठरलेलीं असावीं. २०१६ साली महाराष्ट्र सरकारनें फळें-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजीं खरेदीदाराकडून घ्यावी असें ठरविलें, तें याच वाटेवरचें एक पाऊल होय.

तथापि भाव उघडा झाला म्हणजे न्याय झालाच, असें नाहीं. फेब्रुवारी २०२३ मध्यें बार्शी तालुक्यांतील एका शेतकऱ्यानें सुमारें सत्तर किलोमीटर अंतरावरून ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारांत आणला. लिलांवांत किलोला एक रुपया भाव निघाला. गाडीभाडें, हमाली व तोलाई मिळून ५०९ रुपये ५१ पैसे वजा झाले, आणि हातीं उरले २ रुपये ४९ पैसे; धनादेश मिळाला तो दोन रुपयांचा. ही पट्टी साऱ्या देशांत गाजली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण आपण हंसत वापरतों. पण ज्याची कोंबडी असते त्याला ती हंसण्यासारखी नसते. तेथें कोणी कोणाला फसविलें असें नव्हे. पट्टीवर प्रत्येक कलम लिहिलेलें होतें. भाव कोसळला, अंतर मात्र तेवढेंच राहिलें, आणि अंतरानें आपलें भाडें पुरेपूर वसूल केलें.

हा सर्व पूर्वेतिहास ध्यानांत घेऊन इंटरनेटवरील लिलांवाकडे पाहिलें म्हणजे त्याचें नावीन्य कोठें आहे आणि कोठें नाहीं, हें स्पष्ट होतें. १९९५ साली अमेरिकेंत पियरे ओमिडयार या तरुणानें एक लिलांवाचें संकेतस्थळ उघडलें. पुढें तें ईबे या नांवानें जगप्रसिद्ध झालें. येथें विकणारे व घेणारे एकमेकांस कधींच भेटत नसत. मध्यें पोस्टमन नाहीं, शहा नाहीं, हुंडेकरी नाहीं. मग विश्वास कोणावर ठेवावा? १९९६ च्या आरंभीं ओमिडयारनें त्यावर तोड काढली ती अशी: प्रत्येक व्यवहारानंतर दोघांनींही एकमेकांविषयीं अभिप्राय द्यावा, चांगल्यास अधिक एक, वाइटास उणा एक, मधल्यास शून्य, आणि ही बेरीज प्रत्येकाच्या नांवापुढें सर्वांस दिसेल अशी टांगावी. पिढ्यान् पिढ्या पेठेंत राहून मिळणारी पत अशा रीतीनें प्रथमच आंकड्यांत उतरली.

हा आंकडा पोकळ नव्हता. पॉल रेझनिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मनोरंजक आहे. जुन्या चित्रकार्डांचा एक नांवाजलेला विक्रेता त्यांनीं घेतला. त्याच्या सारखाच माल कांहीं त्याच्या नांवानें व कांहीं अगदीं नव्या, अपरिचित नांवांनीं लिलांवांत मांडला. माल तोच, माणूस तोच. पण जुन्या नांवाला सुमारें आठ टक्के अधिक किंमत मिळाली. नांवाची किंमत असते हें आमचे आजोबा सांगतच होते. येथें ती मोजून दाखविली गेली.

पण त्याच वेळीं भाड्याच्या कलमांत एक नवी कुलंगडी शिरली. संकेतस्थळ आपलें कमिशन विक्रीच्या किमतीवर घेई, भाड्यावर घेत नसे. तेव्हां कांहीं विक्रेत्यांनीं वस्तूची किंमत नाममात्र ठेवून पोहोंचविण्याचें भाडें भरमसाट लावण्यास सुरवात केली. कमिशन वांचलें, आणि गिऱ्हाईकही स्वस्त किंमत पाहून ओढलें गेलें. तें कसें ओढलें जातें, हें तंझीम होसेन व जॉन मॉर्गन यांनीं २००६ साली दाखविलें. गाण्यांच्या तबकड्या व खेळ त्यांनीं दोन प्रकारांनीं लिलांवांत ठेवले: कांहींची आरंभीची किंमत चार डॉलर व भाडें कांहीं नाहीं, कांहींची किंमत एक सेंट आणि भाडें ३.९९ डॉलर. गिऱ्हाइकाच्या खिशाला दोन्ही सारखेंच. तरीही एका सेंटाच्या मालावर बोली लौकर आली, अधिक लोकांनीं लावली, आणि शेवटीं एकूण रक्कमही अधिक जमली. रुमालाखालीं पूर्वीं हात लपत असत. आतां उजेडांत, सर्वांच्या डोळ्यांदेखत, किंमत लपूं लागली. आंकडा लिहिलेला होता. वाचणाऱ्याची दृष्टि मात्र त्याच्यावर ठरत नव्हती.

अभिप्रायाची पद्धतही या सुमारास आंतून किडूं लागली होती. रेझनिक व झेकहाउझर यांच्या अभ्यासांत घेणाऱ्यांनीं दिलेल्या अभिप्रायांपैकीं प्रतिकूल अभिप्राय शंभरांत एकाहूनही कमी निघाले. जग इतकें सज्जन झालें होतें काय? अंशतः झालेंही असेल; पण एक कारण भीतीचें होतें. मीं तुला उणा एक दिला तर तूंही मला देशील, म्हणून दोघेही गप्प बसत. यावर उपाय योजले गेले. २००७ साली गिऱ्हाइकांनीं नांव न उघडतां चार बाबींवर स्वतंत्र तारे द्यावे, असें ठरलें: माल वर्णनाप्रमाणें होता काय, विक्रेत्याशीं बोलणें नीट झालें काय, माल वेळेवर निघाला काय, आणि भाडें वाजवी होतें काय. २००८ साली विक्रेत्यांनीं गिऱ्हाइकास प्रतिकूल अभिप्राय देणें बंद झालें. २०११ साली भाड्याच्या रकमेवरही कमिशन घेण्यास सुरवात होऊन पळवाट बुजली. येथें भाडें व पत या दोन गोष्टी उघडपणें एकत्र आल्या. भाड्याचा अन्याय नांवावर नोंदला जाऊं लागला. भवानी पेठेंतल्या आमच्या तरुण मित्राचा तारा गेला तो या जुन्या निर्णयाच्या वंशजानेंच नेला म्हणावयाचा.

आपल्या देशांत ही लाट मुंबईस २००० साली निघालेल्या बाझी या संकेतस्थळाबरोबर आली. २००४ साली ईबेनें तें विकत घेतलें, आणि २०१८ साली ईबेचा तो भारतीय बाजार बंद झाला. मधल्या काळांत तेथें पैसापे नांवाची सोय होती. गिऱ्हाइकाचे पैसे मध्यस्थाकडे थांबत आणि मग विक्रेत्यास मिळत. जोखमी हुंडीच्या दूरच्या नातलगांत तिची गणना करण्यास हरकत नाहीं. लिलांव मागें पडून ठराविक किमतीचे मोठे बाजार पुढें आले. पण तारे राहिले आणि भाडेंही राहिलें. सरकारनेंही मग हात घातला. जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनीं विक्रेत्यानें एकूण किंमत एका आंकड्यांत सांगावी व पोहोंचविण्याच्या खर्चासह तिचा तपशील द्यावा, असें बंधन घातलें. विक्रेत्यानें स्वतःच गिऱ्हाईक बनून आपली स्तुति लिहूं नये, हेंही त्यांतच आलें. नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीं एकेक आकार मागाहून पुढें करण्याच्या क्लृप्तीस अनुचित ठरविलें. एका आंकड्यांत सर्व खर्च आधीं सांगावा, हें आमच्या हुंडेकऱ्याचेंच तत्त्व नव्हे काय?

येथें कोणी म्हणेल कीं, जुन्या पतीचे गोडवे गाऊन काय उपयोग? आम्ही तसे गात नाहीं. जुनी पत ही बहुधा वाड्यांची, पेढ्यांची, घराण्यांची आणि जातीची पत होती. शहाजोग हुंडी शहाच्याच हातीं पडे. चार मागांच्या विणकऱ्याला शहा कोण म्हणणार? त्याचा टॉवेल व्यापाऱ्याच्या नांवानें परगांवीं जाई आणि विणणाऱ्याचें नांव पेठेच्या वेशीबाहेर पडत नसे. सोलापुरी चादर व टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळालें तें या शतकांतलें. तें गांवाचें नांव झालें, घराचें नव्हे. ज्याला सावकार ओळखत नाहीं, ज्याची मातृभाषा तेलुगु आहे, ज्याच्या दुकानावर पाटीही नाहीं, अशा मुलाला आज गुवाहाटीचें गिऱ्हाईक केवळ ताऱ्यांवरून ओळखतें, हा लाभ लहान नाहीं. तारे आहेत म्हणूनच त्याला बाजार आहे.

परंतु म्हणूनच त्या ताऱ्यांचा हिशेब चोख असला पाहिजे. आज अनेक कुरिअर कंपन्या वजनाबरोबर आकारही मोजतात; लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत घेऊन गुणाकाराला ५००० नें भागतात, आणि येणारा आंकडा व कांट्यावरचें वजन यांपैकीं जास्त असेल त्याचें भाडें घेतात. ४० × ३० × २५ सेंटिमीटरांचें टॉवेलाचें खोकें कांट्यावर तीन किलो भरलें, तरी हिशेबांत तें सहा किलो होतें. टॉवेल हा फुगीर माल. लोखंडाच्या व्यापाऱ्याला हा नियम जाचत नाहीं, टॉवेलवाल्याला जाचतो. ही गोष्ट गिऱ्हाइकाला कोण सांगणार? त्याला फक्त भाड्याची रक्कम दिसते आणि विक्रेत्याचें नांव दिसतें. मधला जो खरा ठरविणारा, त्याच्या नांवापुढें त्या पडद्यावर एकही तारा नसतो, आणि म्हणून त्याचा एकही तारा जात नाहीं.

आमच्या मतें आजच्या व्यवस्थेंतील खरा दोष हा आहे. हुंडेकऱ्याच्या काळीं भाडें ज्याचें, जबाबदारीही त्याचीच असे. व्ही. पी.च्या काळीं दर सरकारी असून सर्वांस ठाऊक असे. पोस्टाच्या दराबद्दल पुस्तकवाल्याला कोणी लबाड म्हणत नसे. आज भाडें एकाच्या हातीं आणि नांव दुसऱ्याच्या, अशी फारकत झाली आहे. कायद्यानें एकूण आंकडा उघड केला, हें योग्यच झालें. पण तो आंकडा कोणीं ठरविला, हेंही जोंपर्यंत तितकेंच उघड होत नाहीं, तोंपर्यंत तारे हे न्यायाचें साधन न होतां दुर्बळावर राग काढण्याचें साधन होत राहणार.

कायदा येईल तेव्हां येवो. तोंवर आपण सुशिक्षित गृहस्थांनीं एवढें तरी करावें. वस्तूच्या किमतीआधीं भाड्याचें कलम वाचावें, आणि दोहोंची बेरीज करून मग स्वस्त-महाग ठरवावें. अभिप्राय लिहितांना माल, वेळ व भाडें यांचा निवाडा वेगवेगळा करावा. रागाच्या भरांत बोटाच्या एका स्पर्शानें दिलेला तारा आपण घटकाभरांत विसरतों. पण ज्याच्या नांवापुढें तो लागतो, त्याच्या मागाची गति त्यानें मंदावते. पूर्वीं एखाद्याची पत घालवावयाची तर चार माणसांसमोर उभें राहून बोलावें लागे, आणि बोलणाऱ्याची पतही पणास लागे. आज ती जोखीम आपल्यावर उरलेली नाहीं; जबाबदारी मात्र उरली आहे.

आम्ही निघालों तेव्हां नातू खोकें बांधीत होता. आजोबांनीं बांधलेलें खोकें हातांत घेऊन दाबून पाहिलें, टॉवेल बाहेर काढून अधिक घट्ट घड्या घातल्या, आणि लहानशा खोक्यांत ते बसवून दिले. "आतां भाडें किती पडतें पाहा," असें ते म्हणाले. नातवानें टेप लावून मापें घेतलीं, मोबाइलवर गुणाकार केला, आणि त्याच्या तोंडावर हसूं उमटलें. पुढच्या खोलींत माग चालूंच होता.